काल काय खोललं होतं?

मैत्रिणींनो, बंद पडलेली गाडी हा काय महिलांच्या पानावर लिहायचा विषय आहे का, असं तुम्हाला वाटेल. दोन महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. गाडी मी आठ वर्षांपासून चालवते. हिंगोलीच्या बाजारातून, आठवडी बाजाराच्या दिवशीसुद्धा, कुणाला धक्का न लावता बाहेर काढते, त्याचं मला कोण कौतुक! पण बॉनेट उघडलं की माझं सगळं ज्ञान संपायचं. तिथून पुढचं राज्य पुरुषांचं, असं मी न बोलता मान्य करून टाकलं होतं.

तर झालं असं. आमच्या सेकंडहँड गाडीची क्लच प्लेट गेली होती. गावातल्याच एका गॅरेजात दोन दिवस गाडी ठेवली, चांगले साडेआठ हजार मोजले आणि संध्याकाळी आमचे हे गाडी घरी घेऊन आले. येताना एकदा सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ झालं, दुसऱ्या वेळी सुरू झाली, असं हे जेवताना सहज म्हणाले. मीही सहजच ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला नांदेडला जायचं होतं. आमच्या कामातली सेनगाव तालुक्यातली एक मुलगी, वय असेल चोवीस-पंचवीस, दीड वर्षाचं लेकरू कडेवर. तिच्या पोटगीची तारीख होती. आधीच्या दोन तारखा वाया गेलेल्या. एका तारखेला नवरा आला नाही, दुसऱ्या वेळी साहेबच रजेवर. या वेळी वकिलांनी बजावून ठेवलं होतं की आपण गैरहजर राहायचं नाही म्हणजे नाही. म्हणून ती आदल्या रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला आली होती.

सकाळी साडेसात वाजता आम्ही डबा, लेकराची दुधाची बाटली, कागदांची पिशवी असं सगळं घेऊन गाडीत बसलो. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. समोरचे सगळे दिवे लागलेले, हॉर्न खणखणीत, अन् इंजिन मात्र ढिम्म!

ह्यांची सकाळची शाळा, ते केव्हाच गेलेले. गॅरेजवाल्याला फोन लावला तर म्हणाला, पोराला पाठवतो. सव्वाआठला पोरगा आला. त्यानं किल्ली फिरवली, टक ऐकलं आणि बॉनेट उघडायच्या आधीच निदान करून मोकळा झाला, “काकू, बॅटरी गेली तुमची. नवीन टाकावं लागते.”

मी म्हटलं, “अरे, पण परवा गाडी आणून दिली तेव्हा बॅटरी चांगली होती की. दिवे बघ ना कसे लख्ख लागलेत.”

त्यानं मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. मालक म्हणाला, “ताई, तुम्हाला नाही कळायचं ते. साहेबांना पाठवा, मी त्यांच्याशी बोलतो.”

हे ‘साहेबांना पाठवा’ आपण किती ठिकाणी ऐकतो नाही? बँकेत, तलाठ्याकडे, नळ फिटिंगवाल्याकडे. मी वीस वर्षं लोकांना ‘बायकांशी थेट बोला’ म्हणून सांगत फिरते, आणि त्या दिवशी माझ्याच अंगणात माझ्याच गाडीपाशी मी गप्प बसले. गप्प बसले एवढंच नाही, तर ह्यांना फोन केला! हे वर्गावर होते. घाईत म्हणाले, “म्हणतो तर टाकून घे बॅटरी, डोकं नको लावूस.” झालं. दुकान उघडायला लावून बेचाळीसशेची नवीन बॅटरी आली, सव्वानऊला बसली. किल्ली फिरवली...

टक.

ती मुलगी ओट्यावर लेकराला घेऊन बसली होती. काही बोलली नाही. पण कागदांची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली होती, ते मला अजून दिसतं. सकाळची एस.टी. गेलेली, पुढची मिळाली तरी कोर्टाची वेळ साधणार नाही. पोरगा म्हणायला लागला, आता सेल्फच खराब दिसायला, तो खोलून न्यावा लागंल, संध्याकाळपर्यंत देतो.

तेवढ्यात मला आमच्या मागच्या गल्लीतले काका आठवले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी केलेले. गुडघ्यामुळे आता फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांना फोन लावला. मी बॅटरी, सेल्फ असं भराभर सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं.

“ते सगळं राहू द्या ताई. आधी सांगा, काल काय खोललं होतं?”

“क्लच प्लेट टाकली, काका.”

“म्हणजे गिअरबॉक्स उतरवला. म्हणजे सेल्फबी काढला आन् गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टीबी काढली. आता असं करा, हेडलाइट लावा आन् सेल्फ मारा. दिवे मावळायलेत का तसेच राहायलेत, ते बघा.”

मी पोराला किल्ली फिरवायला लावली आणि समोर उभी राहिले. दिवे तसेच लख्ख.

“मग बॅटरीचा काही दोष नाही,” काका म्हणाले. “बॅटरी मेलेली असती तर सेल्फचा भार पडल्याबरोबर दिवे विझत आले असते. इथं भारच पडंना. करंट सेल्फपर्यंत जाईना, नाहीतर गेलेला माघारी येईना. बॅटरीच्या मायनसवरून जी जाड काळी वायर खाली गिअरबॉक्सकडे जाती, ती बघा.”

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून जम्पर केबल आणली. काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, रंग-चिखल नसलेल्या जागी लावलं. आधी मात्र त्यांनी मला हातातल्या बांगड्या काढायला लावल्या, मंगळसूत्र पदरात खोचायला लावलं. बॅटरीच्या प्लसला आणि गाडीच्या पत्र्याला धातू एकदम टेकला तर बांगडी तापून लाल होते, हात भाजतो. हे मला पन्नाशीकडे झुकताना पहिल्यांदा कळलं. मग पोरानं किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू!

पोरगा गाडीखाली शिरला. ती पट्टी होती, पण तिचा बोल्ट नुसता हातानं फिरवून सोडलेला. पान्यानं आवळायचा राहून गेला होता. वरून पट्टीखाली ग्रीस आणि चिखलाचा थर. रात्री घरी येताना आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी राहिलेलं काम पूर्ण केलं होतं. पॉलिश पेपरनं घासून, बारा नंबरच्या पान्यानं बोल्ट आवळला, बस. खर्च शून्य. वेळ दहा मिनिटं. आणि आम्ही त्याआधी बेचाळीसशेची बॅटरी घेऊन बसलो होतो! (ती दुकानदारानं दोन दिवस कुरकुर करून परत घेतली, तो एक वेगळाच अध्याय.)

प्रवासात माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. ‘काल काय खोललं होतं?’ हा प्रश्न मला का सुचला नाही? घरात तर मी दुसरं काही विचारतच नाही. कुकरची रिंग बदलल्यावर शिट्टी होईना, तर आपण गॅस सिलिंडर बदलायला धावतो का? आधी रिंगच नीट बसली का ते बघतो. मिक्सरचं भांडं धार लावून आणलं आणि फिरेना, तर पहिला संशय त्या भांड्यावर. चांगली चालणारी वस्तू दुरुस्तीनंतर बंद पडली, तर नवं दुखणं त्याच वेळी जडण्यापेक्षा हात लागला तिथंच काही राहून गेलं असण्याची शक्यता फार जास्त. बायका हे बोलून दाखवत नाहीत, पण रोज वापरतात.

शिलाई मशीनचंच घ्या. आमच्या बचत गटात किती जणी मशीन चालवतात! मिस्त्री तेलपाणी करून गेला आणि टाके सुटायला लागले, तर त्या काय करतात? सुई उलटी तर बसली नाही ना, बॉबिन केस नीट बसली का, धागा सगळ्या कड्यांतून ओवलाय का, हे क्रमानं बघतात. आणि तरीही टाका पडत नसेल तर म्हणतात, ‘शटलचा टायमिंग हललाय.’ सुई खाली जाऊन किंचित वर येते, धाग्याचा फासा होतो आणि बरोबर त्याच क्षणी शटलचं टोक त्या फाशात शिरलं पाहिजे. क्षणभर मागेपुढे झालं की टाका सुटला. आता मला सांगा, पेट्रोल इंजिनात याहून वेगळं काय असतं? पिस्टन वर येत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, आणि तो टोकाला पोचता पोचता प्लगची ठिणगी पडली पाहिजे. टायमिंग बेल्ट बदलताना तो एक-दोन दात इकडेतिकडे बसला तर इंजिन फुरफुरतं, नाहीतर सुरूच होत नाही. शटलचा टायमिंग समजणारी बाई ‘मला इंजिनातलं काही कळत नाही’ म्हणते, तेव्हा ती न कळण्याची गोष्ट नसते. तिला तसं सांगून ठेवलेलं असतं.

काकांकडे नंतर मी दोन रविवार मुद्दाम गेले, वही घेऊन. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती कानानं ऐकायची. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक झालं, तर वाट विजेची: बॅटरीचे टर्मिनल, जाड वायरी, अर्थ, सेल्फ. पण इंजिन गरागरा फिरतंय आणि पेट घेत नाही, तर सेल्फ-बॅटरीचा नाद सोडायचा. तिथं पेट्रोल येत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही, नाहीतर दोन्ही आहे पण वेळ चुकतेय. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत किल्ली पहिल्या टप्प्यात फिरवली की मागच्या बाजूनं दोन सेकंद बारीक ‘सुंईं’ आवाज येतो, तो टाकीतल्या पंपाचा. आवाज नसेल तर फ्यूज किंवा पंपाची जोडणी बघायची. काम करताना वायरींची जोडटोकं सुटतात आणि नुसती टेकवून ठेवली जातात, हे तर नेहमीचंच. जुन्या मारुती आठशेला तीन सिलिंडर, ठिणगी पडायचा क्रम एक-तीन-दोन. प्लग बदलताना दोन वायरी आपसात बदलल्या की गाडी सुरू व्हायच्या ऐवजी ‘फट्ट’ करून मागे बार काढते. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल, तर गाडीनं किल्लीच ओळखलेली नाही. इंजिन खोलायच्या आधी दुसरी किल्ली लावून बघायची. आणि काही झालं तरी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ रगडायचा नाही, मध्ये विसावा द्यायचा. पेट्रोलचा वास आला तर तिथंच थांबायचं.

एवढं शिकल्यावर काही मी मेकॅनिक झाले नाही. पण आता गॅरेजवाला बोलतो तेव्हा तो कुठल्या वाटेनं चाललाय, ते मला कळतं.

खरं तर हे ज्ञान आपल्याकडे नवं नाहीच. माझ्या माहेरी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. फिल्टर बदलला किंवा डिझेल संपून पुन्हा भरलं की हमखास सुरू व्हायचं नाही. ‘हवा धरली’ म्हणायचे. नळीत हवा अडकली की डिझेल पुढे सरकत नाही. वडील गावाला गेलेले असले की माझी आई पदर खोचून जायची, नट थोडा सैल करायची, हातपंपाची दांडी दाबत राहायची. आधी बुडबुडे, फेस, मग डिझेलची निव्वळ धार आली की नट आवळायचा. मग गडी हँडल मारायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. आईला कुणी मेकॅनिक म्हटलं नाही. वडील आल्यावर गडी सांगायचा, “मालक, इंजिन म्या चालू केलं.” आणि आई चहा ठेवायला आत गेलेली असायची.

गंमत बघा. ज्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, त्याच घराण्यानं १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू केलं होतं. इंजिन मळ्यात गेलं, मासिक माजघरात आलं. दोन्ही शेवटी एकाच वाड्यात असायची, पण त्यांची गाठभेट काही कुणी घालून दिली नाही.

परदेशातलंही एक उदाहरण मला फार आवडतं. मोटार शोधणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर, आणि तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली तर तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं तर मोजे बांधायचा पट्टा त्याला गुंडाळला. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला पहिला मोठा प्रवास एका बाईनं केला आणि रस्त्यातली दुरुस्तीही तिनंच केली. मग ‘साहेबांना पाठवा’ कुठून सुरू झालं, कोण जाणे!

लांब कशाला? परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, आपण परभणीतच होतो. म्हणजे आपल्याच जुन्या जिल्ह्याची लेक. पण तिच्यामागून आमच्याकडच्या मुली कुठं गेल्या? त्यांना आम्ही कुठं पाठवलं? इथं मला माझ्याच पदरात माप घ्यावं लागेल. गेल्या वीस वर्षांत मी किती शिबिरं घेतली! शिवण, पापड, मसाला, ब्यूटी पार्लर, फार तर कॉम्प्युटर. एकदाही मला वाटलं नाही की एखाद्या मुलीच्या हातात पाना द्यावा. राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, दहावी झाली की जाता येतं. हे सगळं मला ठाऊक होतं. एका मुलीनं मागं विचारलंही होतं. मी तिला म्हटलं होतं, “अगं, कपडे काळे होतात, गॅरेजात कोण ठेवणार तुला? शिवण शीक.” ती शिवण शिकली. आज ब्लाउज शिवते, पैसे बरे मिळतात, तिची काही तक्रार नाही. मलाच ते आता टोचतं.

त्या गॅरेजच्या पोराचा मात्र मला राग येत नाही. असेल सतरा-अठराचा. बोल्ट आवळायचा राहिला, कारण गिअरबॉक्स चढवताना मालकानं त्याला दुसऱ्या गाडीकडे हाक मारली होती, हे त्यानंच नंतर खाली मान घालून सांगितलं. त्याला पट्टी जोडायची असते एवढं माहीत होतं, ती कशासाठी असते हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. काकांचं बोलणं फोनच्या स्पीकरवर तो माझ्याइतकंच कान देऊन ऐकत होता. राग येतो तो मालकाचा. चूक होते हो, कुणाच्याही हातून होते. पण आपण काल काय केलं ते न तपासता गिऱ्हाइकाला नवी बॅटरी घ्यायला लावायची, आणि गिऱ्हाईक प्रश्न विचारायला लागलं की तिला साहेब आणायला सांगायचं!

आता मी गाडी टाकताना काय काय काढणार, काय बदलणार ते कागदावर लिहून घेते. जुने सुटे भाग मागून घेते. बिल घेते, कच्ची चिठ्ठी नाही. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तिथंच चार वेळा बंद-सुरू करून बघते, मग मागं कुणी खुशाल हसो. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. दुरुस्तीतली हयगय ही सेवेतली त्रुटी ठरते. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत त्याला फी लागत नाही. १९१५ या नंबरवर फोन करून आधी सल्लाही घेता येतो. पण बिल नसेल तर तिथं काय दाखवणार?

त्या दिवशी कळमनुरी, आखाडा बाळापूर करत आम्ही नांदेडला पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. पहिला पुकारा होऊन गेला होता. वकिलांनी ‘अर्जदार वाटेत आहे’ सांगून प्रकरण दुपारवर ठेवून घेतलं होतं. नवरा आला होता. अडीच वाजता सुनावणी झाली आणि अंतरिम पोटगीचा आदेश झाला. रक्कम फार नाही. पण लेकराच्या दुधाचं भागेल.

परतीच्या वाटेवर वारंगा फाट्याला चहाला थांबलो. लेकरू झोपलं होतं. मी कप घेऊन वळते तर ही गाडीपुढे उभी.

“ताई, ती वायर कोणती होती? दाखवा बरं मला.”

मी बॉनेट उघडलं. “हात लावू नको, इंजिन तापलंय.” तिनं हात मागे घेतला, पण वाकून बराच वेळ खाली बघत राहिली.

“आन् ह्या दुसऱ्या कोनत्या?” तिनं विचारलं. तिघींपैकी एकीचं मला सांगता आलं. उरलेल्या दोन मी वहीत लिहून घेतल्या, काकांना विचारायला.